परीक्षेची प्रार्थना

शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू व्हावा, ही चाल आमच्यासारख्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घंटा होते, रांगा उभ्या राहतात, शेंकडो मुलें कांहीं शब्द एका सुरांत म्हणतात, 'आमेन' होतें, आणि लगेच पावलांचा गलबला सुरू होतो. वर्षाचे बहुतेक दिवस या प्रार्थनेकडे कोणाचें विशेष लक्ष नसतें. मात्र वार्षिक परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली म्हणजे निराळेंच दृश्य दिसूं लागतें. जीं मुलें एरवीं एक डोळा उघडा ठेवून शेजाऱ्यास कोपर मारण्यांत गुंतलेलीं असतात, तींच आतां दोन्ही डोळे घट्ट मिटून, ओठ हलवीत, मनोभावें कांहीं तरी मागतांना आढळतात. काय मागतात, हें त्यांस विचारण्याची गरज नाहीं. त्यांच्या आईबापांनींहि त्या वयांत तेंच मागितलें असेल.

मुलांनीं परीक्षेच्या वेळीं देवाचें स्मरण करावें, यांत हसण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. लेंकरानें बापाजवळ हट्ट धरावा, त्यांतलाच हा प्रकार आहे. परंतु प्रार्थनेचा सारा अर्थ एवढ्यांतच संपतो, अशी ज्यांची समजूत झाली असेल त्यांच्या हातून एक मोठें धन निसटत आहे. तें धन कोणतें, हें सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

माणूस देवाजवळ जें मागतो त्याचे ढोबळ मानानें दोन प्रकार करितां येतील. 'माझ्यावरचें संकट टळो' हा पहिला प्रकार. 'संकटांत मला सरळ उभें राहतां येवो' हा दुसरा. पहिल्यांत आपल्या बाहेरचें कांहीं तरी बदलावें अशी इच्छा असते: पाऊस पडावा, ताप उतरावा, प्रश्न सोपे निघावे. दुसऱ्यांत आपण स्वतः बदलावें अशी इच्छा असते. पहिली प्रार्थना शिकवावी लागत नाहीं. भीति ती आपोआप शिकविते. दुसरी मात्र शिकावी लागते. आणि ख्रिस्ती शास्त्रांत प्रार्थनेविषयीं जें कांहीं सांगितलें आहे त्याचा मोठा भाग ही दुसरी प्रार्थना शिकविण्यासाठींच आहे, असें आमचें मत आहे.

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली ती मत्तय व लूक या दोन्ही शुभवर्तमानांत आली आहे. आपल्यापैकीं पुष्कळांस ती तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ असल्यामुळेंच तिच्या रचनेकडे आपलें लक्ष जात नाहीं. ती एकदां सावकाश मनांत म्हणून पाहावी. आरंभीं देवाचें नांव, त्याचें राज्य आणि त्याची इच्छा यांचा उल्लेख आहे. मग भाकरीची मागणी आहे. तीहि रोजच्या गरजेपुरती. कोठारें भरून ठेवण्याइतकें मागण्याची सोय तींत ठेविलेलीच नाहीं. त्यानंतर आपल्या अपराधांची क्षमा मागितली आहे, आणि ती मागतांना आपण दुसऱ्यांस क्षमा करितों कीं नाहीं याची आठवणहि करून दिली आहे. शेवटीं परीक्षा आणि वाईट यांपासून रक्षण मागितलें आहे. देहाच्या गरजेसाठीं एकच मागणी, आणि तिच्या पाठोपाठ आत्म्याच्या गरजांसाठीं इतक्या मागण्या, असें हें प्रमाण आहे. आपल्या रोजच्या प्रार्थनेंत हें प्रमाण बहुधा उलटें असतें.

या शेवटच्या मागणींत मराठी भाषांतरकारांनीं 'परीक्षा' हा शब्द योजिला आहे. शाळकरी मुलास येथें गंमत वाटते. गणिताच्या पेपरापासून सुटका मागण्याची परवानगी शास्त्रानेंच दिली, असें त्यास वाटतें! पण थोडा विचार केला तर हा शब्द फार नेमका आहे असें दिसून येईल. परीक्षा दोन आहेत. एकीचें वेळापत्रक फळ्यावर लागतें, तिला अभ्यासक्रम असतो, तिच्या तयारीसाठीं सुटीहि मिळते. दुसरीचें वेळापत्रक कोठेंच लागत नाहीं. ती मधल्या सुटींत येते, रस्त्यांत येते, घरीं जेवतांना येते. कधीं कधीं तर ती पहिल्या परीक्षेच्या खोलींतच, दोन बांकांच्या मधल्या जागेंतून, घडी घातलेल्या चिठ्ठीच्या रूपानें येते. चिठ्ठी घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न छापील प्रश्नपत्रिकेंत नसतो. पण त्या दिवसाचा खरा प्रश्न तोच असतो. या दुसऱ्या परीक्षेसाठीं बळ मागणें, हीच आम्ही म्हणतों ती दुसरी प्रार्थना.

ती न केल्यानें काय होतें आणि केल्यानें काय होतें, हें एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाचें असेल तर पेत्राचें चरित्र वाचावें. ज्या रात्रीं येशूला धरून नेलें त्या रात्रीं तो गेथशेमाने बागेंत प्रार्थना करीत होता. दुःखाचा प्याला टळावा, असें त्यानें मागितलें, हें शुभवर्तमानकारांनीं लपविलेलें नाहीं. पण त्याच दमांत त्यानें आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं ठेविली. प्याला टळला नाहीं. तो पिण्याचें बळ मात्र मिळालें. पेत्र, याकोब व योहान यांस त्यानें जवळच जागें राहण्यास सांगितलें होतें, आणि ते तिघेहि झोंपीं गेले. ते दुष्ट नव्हते, दमलेले होते. त्याच रात्रीं पेत्रानें, मरण आलें तरी साथ सोडणार नाहीं, असें छातीठोकपणें सांगितलें होतें, आणि तें तो मनापासून बोलला होता. परंतु कोंबडा आरवण्यापूर्वीं, मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणांत, शेकोटीजवळ, एका दासीनें त्यास हटकलें, आणि पेत्र ढांसळला. तीन वेळां त्यानें आपल्या गुरूची ओळख नाकारली. बागेंत तलवार उपसणारा हा माणूस एका मोलकरणीच्या प्रश्नापुढें टिकला नाहीं. आपल्याहि परीक्षा अशाच किरकोळ वेषांत येतात.

पुढें कांहीं काळानें हाच पेत्र योहानासह त्याच यहूदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेपुढें उभा राहिलेला दिसतो. येशूच्या नांवानें पुन्हां बोलूं नका, अशी ताकीद व धमकी देऊन त्या दोघांस सोडण्यांत येतें. सुटल्यावर ते आपल्या मंडळींत येतात, आणि सर्व मिळून प्रार्थना करितात. 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत ती दिली आहे. वाचकांनीं ती अवश्य काढून वाचावी. कारण तींत काय नाहीं, हें विशेष पाहण्यासारखें आहे. ही न्यायसभा मोडून पडो, असें तींत नाहीं. आम्हांस या शहरांतून सुखरूप बाहेर काढ, असेंहि नाहीं. झालेल्या धमक्या देवाच्या कानांवर घालून ते लोक मागतात तें एवढेंच कीं, आम्हांस बोलण्याचें धैर्य मिळावें, आणि दुखणाइतांस बरें करण्यासाठीं देवाचा हात पुढें व्हावा. शेकोटीजवळ ज्याची जीभ लुळी पडली होती, तो या मागणाऱ्यांत होता. त्यानंतर ते सर्व धैर्यानें बोलूं लागले, असें शास्त्र सांगतें. धमक्या तशाच राहिल्या, माणसें बदललीं.

येथें एखादा विचारी विद्यार्थी म्हणेल, "हें सारें ठीक, पण चांगलें वागणें तर आमच्याच हातीं आहे. खोटें बोलूं नये, हें आम्हांस ठाऊक आहे. मग तें देवाजवळ मागावयाचें कशाला? निश्चय केला म्हणजे झालें." हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु ज्यांनीं असा निश्चय खरोखर करून पाहिला आहे त्यांचा अनुभव निराळा आहे. ठाऊक असणें आणि हातून घडणें यांच्यामधून एक रुंद ओढा वाहतो, आणि नुसत्या ज्ञानानें तो ओलांडतां येत नाहीं. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत हेंच गाऱ्हाणें मांडिलें आहे: बरें करावें असें मनांत असतें, आणि हातून घडतें तें भलतेंच. आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडीं घातलेला एक संस्कृत श्लोक जुन्या लोकांस पाठ असे. त्याचाहि आशय असाच आहे कीं, धर्म कळतो पण तिकडे मन वळत नाहीं, अधर्म कळतो पण त्यापासून मन फिरत नाहीं. शास्त्र शिकलेला पौल आणि हस्तिनापुरचा राजपुत्र एकाच ओढ्याच्या कांठीं येऊन उभे राहिले आहेत. फरक पडतो तो पुढें. दुर्योधन सारा भार हृदयांतल्या कोणा देवावर टाकून, 'तो करवितो तसें मी करितों' म्हणून मोकळा होतो. पौल आपला दोष आपल्याकडे ठेवितो आणि साह्यासाठीं हात पसरितो. निश्चय नको, असें प्रार्थना कधींच म्हणत नाहीं. एकट्याच्या निश्चयाचें बळ कोठें संपतें तें तिला ठाऊक असतें, आणि तेथून पुढें ती आपणांस नेते.

दुसरा आक्षेप याहून कडक आहे, आणि तो बहुधा पालकांकडून येतो. "प्रार्थना करणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. देवापुढें डोळे मिटतात, आणि बाहेर येऊन गरिबाची मान कापतात. प्रार्थनेनें त्यांच्यांत काय फरक पडला?" या प्रश्नास गोड शब्दांनीं उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्याऐवजीं एक खरी हकीकत सांगतों.

जॉन न्यूटन नांवाचा इंग्रज खलाशी १७२५ सालीं जन्मला. १७४८ सालीं अटलांटिक महासागरांत त्याचें जहाज वादळांत सांपडलें, तेव्हां त्या उर्मट व शिवराळ तरुणानें देवाची करुणा भाकिली. जहाज वांचलें, आणि न्यूटन धर्माकडे वळला. गोष्ट येथेंच संपावी असें कोणासहि वाटेल. पण ती संपत नाहीं. त्यानंतर, १७५० पासून १७५४ पर्यंत, तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकत घेतलेलीं माणसें बेड्या घालून जहाजाच्या पोटांत कोंबलेलीं असत, आणि वर रविवारीं हा कप्तान खलाशांस जमवून उपासना चालवीत असे. त्याची प्रार्थना ढोंगी होती असें आम्हांस वाटत नाहीं. ती अपुरी होती. वादळांतून वांचीव, हें मागण्यास तो शिकला होता. माझ्या हातून होत असलेलें वाईट मला दाखीव आणि तें सोडण्याचें बळ दे, हें मागणें त्याला अद्याप साधलें नव्हतें. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला तोहि आजारामुळें. पुढें तो धर्मोपदेशक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपण काय पाहिलें व काय केलें तें त्यानें जगापुढें मांडिलें, तें १७८८ सालीं. मध्यें चौतीस वर्षें गेलीं होतीं. प्रार्थना करणारा माणूस वाईट करूं शकतो काय, असें कोणी विचारलें तर आमचें उत्तर स्पष्ट आहे: होय, करूं शकतो, आणि तो केवळ स्वतःच्या सुरक्षिततेसाठींच प्रार्थना करीत राहिला तर पुष्कळ काळ करीत राहतो.

याच न्यूटनकडे १७८५ सालीं पार्लमेंटचा एक तरुण सभासद गुपचूप सल्ला विचारण्यास आला. त्याचें नांव विल्यम विल्बरफोर्स. मनास धर्माची ओढ लागल्यामुळें राजकारण सोडावें कीं काय, अशा विचारांत तो पडला होता. आहेस तेथेंच राहा, असा सल्ला न्यूटननें त्यास दिला, आणि तो राहिला. गुलामांचा व्यापार बंद करण्याची त्याची सूचना १७९१ सालीं ८८ विरुद्ध १६३ मतांनीं फेटाळली गेली. १७९६ सालीं ती अवघ्या चार मतांनीं पडली. आणि तिला अनुकूल असलेले कांहीं सभासद त्या रात्रीं एक नवा संगीत खेळ पाहण्यास गेले होते! गेथशेमाने बागेंतील झोंपेची आठवण व्हावी, असाच हा प्रसंग आहे. वाईटाचा जय होण्यास वाईट माणसांचा जोर दर वेळीं लागतोच असें नाहीं. चांगल्यांची एक डुलकीहि पुरते. शेवटीं १८०७ सालीं कॉमन्स सभेनें २८३ विरुद्ध १६ मतांनीं तें बिल उचलून धरिलें. वृद्ध न्यूटन त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वारला. कायदा झालेला त्यानें पाहिला. व्यापार थांबला तरी ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी उरलीच होती. ती उठविणारें बिल कॉमन्स सभेनें १८३३ च्या जुलैंत संमत केलें, आणि त्यानंतर तीन दिवसांनीं विल्बरफोर्सनें प्राण सोडिला. रोज एकान्तांत प्रार्थना करण्याचा नेम पाळण्यासाठीं तो किती झटत असे, हें त्याच्या रोजनिशीवरून कळतें. पुन्हां पुन्हां हरून पुन्हां पुन्हां उभें राहण्याचें बळ कोठून येतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तेथें पाहावें.

उदाहरणासाठीं इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारिलें. रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमाविले होते. भूक म्हणजे काय हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि रस्त्यावर पडलेल्या शेंकडो निराधार मुली व विधवा घेऊन परत आल्या. इतक्या तोंडांस अन्न कोठून येणार? रमाबाई देवाजवळ भाकरी मागत, पाणी मागत. म्हणून पहिल्या प्रकारची प्रार्थना हलकी आहे असें कोणी समजूं नये. परंतु भाकरी मागणाऱ्या त्याच हातांनीं शेती केली, विहिरी खणविल्या, माग चालविले आणि छापखानाहि घातला. आयुष्याच्या उत्तरकाळीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठींत उतरविलें, आणि तें मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत छापण्यांत आलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीहि काम थांबलें नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें. मुलीवरचें मरण टळलें नाहीं; आईचा हात मात्र ढिला पडला नाहीं. आम्ही ज्या बळाविषयीं बोलत आहों तें हेंच.

आतां विद्यार्थ्यांसाठीं थोडें व्यवहाराचें बोलतों. पहिली गोष्ट ही कीं, मागावयाचें तें नेमकें मागावें. 'मला चांगला कर' ही मागणी इतकी मोघम आहे कीं, ती पुरी झाली कीं नाहीं हें मागणाऱ्यासहि कळत नाहीं. 'आज मधल्या सुटींत सारे जण त्या नव्या मुलाच्या बोलण्याची नक्कल करितील, तेव्हां मला त्यांच्याबरोबर हसूं देऊं नकोस' या प्रार्थनेला जागा आहे, वेळ आहे, आणि एका माणसाचा चेहरा आहे. सकाळीं जो असें बोलला, तो दुपारीं हंशा पिकला असतां बेसावध सांपडत नाहीं. पेत्र बेसावध सांपडला, एवढेंच त्याचें चुकलें होतें.

दुसरी गोष्ट, जें मागितलें त्याच्या बाजूला स्वतः एक पाऊल टाकावें. मित्राशीं समेट व्हावा म्हणून प्रार्थना केली असेल तर त्याच दिवशीं आपण होऊन त्याच्याशीं बोलावें. नक्कल करण्याचा मोह टळावा असें मागितलें असेल तर चिठ्ठ्यांची ठरवाठरवी चालते त्या कट्ट्यावर आदल्या संध्याकाळीं बसूं नये. तिसरी गोष्ट, पडलों म्हणून प्रार्थना सोडूं नये. पेत्र पडल्यावर रडला आणि उठला. न उठता तर चौथा अध्याय लिहिला गेला नसता.

आणि एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. या प्रार्थनेनें गुण वाढतीलच असें नाहीं. एखादे वेळीं ते कमीहि होतील. ज्यानें चिठ्ठी परत केली त्यास तीस मिळतील, आणि ज्यानें ती घेतली त्यास साठ. निकालाच्या कागदावर या दोन आंकड्यांखेरीज कांहीं लिहिलेलें नसेल. ज्यास हें सोसतां येईल त्यानेंच ही प्रार्थना करावी, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सोसण्याचें बळहि तिच्यांतच मागावयाचें असतें. आमच्या शाळांतून नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. ज्यांच्या घरीं देवास निराळ्या नांवानें व निराळ्या भाषेंत हाक मारितात, त्यांसहि आमची एवढीच सूचना आहे कीं, आपापल्या घरच्या प्रार्थनेंत हें एक मागणें असूं द्यावें.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. रात्रीं मुलाचे हात जोडून घ्यावयाचे, आणि सकाळीं देणेंकरी दारीं आला असतां 'बाबा घरीं नाहींत म्हणून सांग' असें त्याच मुलास शिकवावयाचें, यांपैकीं कोणता धडा त्याच्या मनांत राहील हें सांगण्यास ज्योतिषी नको. निकालाच्या दिवशीं घरांत पहिला प्रश्न 'किती मिळाले?' हा असतो. तो असूं द्यावा; पण त्याच्यानंतर 'कसे मिळविले?' हाहि एक असूं द्यावा. ज्या मुलानें प्रामाणिकपणें तीस मिळविले आहेत त्याच्या पाठीवर त्या दिवशीं बापाचा हात पडला, तर त्याच्या प्रार्थनेचें अर्धें उत्तर त्यास घरींच मिळालें असें होईल. आणि मोठ्यांनीं आपल्याहि परीक्षांसाठीं, म्हणजे दुकानांतल्या मापासाठीं, कचेरींतल्या सहीसाठीं, शेजाऱ्याशीं चाललेल्या भांडणासाठीं, मुलांच्या देखत बळ मागावें. आईबापांनाहि मदत लागते, हें कळल्यानें मुलांचा आदर कमी होत नाहीं. देवाजवळ काय मागावें, हें मात्र त्यांस कळतें.

परीक्षा कोणाची चुकली नाहीं आणि चुकणार नाहीं. ती येईल तेव्हां आमच्या मुलामुलींस बरें करण्याचें धैर्य आणि वाईटास 'नाहीं' म्हणण्याचें बळ मिळो, व त्यांच्या मोठ्या माणसांसहि तें मिळो, हेंच आमचें देवाजवळ मागणें आहे.